उक्वाजू

होळी नुकतीच झाली होती आणि मंडईबाहेर नव्या चिंचेचे ढीग लागले होते. वर्षाची चिंच मी अजूनही मंडईतूनच आणते. घराजवळच्या दुकानात पाकिटात मिळते, पण हातात घेऊन, जराशी दाबून, वास घेतल्याशिवाय चिंच घेणं मला जमत नाही. ज्या मावशींकडून घेते त्या पोतं अंथरून बसतात. एका पाटीत कवचासकट चिंच, दुसरीत फोडून चिंचोके काढलेली, आणि मागे एका डब्यात गेल्या वर्षीची, मीठ लावलेली, काळी पडलेली. त्या दिवशी माझ्या पुढे दोन मुली उभ्या होत्या. आफ्रिकेतून शिकायला आलेल्या, विशी-बाविशीतल्या. एकीच्या डोक्याला पिवळाजर्द रुमाल, दुसरीच्या बारीक वेण्या पार कमरेपर्यंत. रुमालवालीनं कवचाची एक चिंच उचलली, अंगठ्यानं कवच मोडलं, आतला गर नाकाशी नेला आणि मैत्रिणीकडे वळून अगदी हळू म्हणाली, "उक्वाजू."

हा शब्द मी सत्तावन्न वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. माझ्या पोटात काहीतरी हललं, झोपेत कोणी नावानं हाक मारल्यासारखं. त्या मोडक्यातोडक्या हिंदीत भाव विचारत होत्या. मागून कोणीतरी "हबशी" म्हणालं आणि दोघंतिघं हसले. मुलींना शब्द कळला नसेल, हसणं कळलं असावं, कारण वेण्यावालीनं मान खाली घातली. मावशींनी डब्यातली जुनी चिंच तोलून पिशवीत घातली. मुलीनं बोट नव्या चिंचेकडे केलं होतं, ते मी पाहिलं. पैसे देऊन त्या वळल्या, आणि तिथे पडलेल्या कोबीच्या ओल्या पानांवरून पिवळ्या रुमालवालीचा पाय घसरला. गुडघा फरशीवर आपटला, पिशवीतले कांदे चहूकडे गेले. एका हमालानं दोन-तीन कांदे उचलून तिच्या हातात दिले. मी जागची हलले नाही. ओठांपर्यंत एक शब्द आला होता, तो तिथेच राहिला. मुली गर्दीत दिसेनाशा झाल्यावरही मी तिकडेच बघत होते, म्हणून मावशींनी विचारलं, "ताई, तुमच्या ओळखीची आहे का ती?"

मी "नाही" म्हणाले.

त्या "नाही"नं मला पुढचे कित्येक दिवस झोपू दिलं नाही. ओळख नव्हती, हे खरंच होतं. तरीही मी खोटं बोलले होते.

माझा जन्म नकुरूचा. केनियातलं गाव, विषुववृत्ताच्या किंचित खाली, १८०० मीटरहून जास्त उंचीवर. बाबा १९५४ मध्ये तिथे गणित शिकवायला गेले, मागून आई गेली, आणि १९५९ मध्ये मी झाले. लोकांना आफ्रिका म्हटलं की ऊन आठवतं. मला थंडी आठवते. सकाळी फरशीवर पाय टेकवत नसे, तोंडातून वाफ निघे, आणि दार उघडलं की तांबड्या मातीचा वास येई. वाऱ्यावर ती मातीच सगळीकडे असायची, वाळत घातलेल्या चादरींवर, वह्यांच्या पानांत, नखांत. गावामागे मेनेंगाई या ज्वालामुखीचं विवर आणि गावापुढे तळं. तळ्याच्या काठाला गुलाबी रंगाची जाड रेघ दिसायची आणि जवळ गेलं की ती रेघ हलायची, कारण ते सगळे रोहित पक्षी असायचे. पाणी खारं, सोड्याचं, आणि त्याचा वास उग्र, कुजकट. पाहुणे नाकाला रुमाल लावत. मला तो वास आवडायचा. अजून आवडतो. उजनीच्या पाण्यावर रोहित येतात म्हणून भिगवणला मी तीनदा जाऊन आले. पक्षी सुंदर होते, पण पाण्याला तो वास नव्हता, आणि परत येताना सोलापूर रस्त्यावर मी गाडीत कोणाशी बोलले नाही.

तिथे बाराही महिने सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाच्याच सुमारास मावळतो. म्हणून स्वाहिलीत दिवसाचे तास उजाडल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा "सा मोजा", पहिला तास. आई म्हणायची, "ऊठ, सात वाजले." त्याच वेळी आया म्हणायची, "सा मोजा." मला ही दोन घड्याळं कधी वेगळी वाटली नाहीत. एका घरात दोन घड्याळं असतात, एवढंच मला ठाऊक होतं.

आया. तिच्याबद्दल लिहायला बसले की हात थांबतो. मला जन्मापासून नऊ वर्षांची होईपर्यंत तिनं वाढवलं. सकाळी ती मला विंबीची उजी द्यायची, म्हणजे नाचणीच्या पिठाची पातळ पेज, रात्रभर आंबवलेली, वरून थोडी साखर. तिच्या अंगाला लाकडाच्या धुराचा आणि निळ्या साबणाचा वास यायचा. मी पडले, ठेचकाळले, बोट दारात सापडलं, की ती म्हणायची, "पोले." नुसतं पोले. या शब्दाला मराठीत जोड नाही. "लागलं का?" हा प्रश्न झाला, "सांभाळून" हा उपदेश झाला, "अरेरे" म्हटलं की जरा लांबून म्हटल्यासारखं वाटतं. पोले म्हणणाऱ्याची काही चूक नसते, तो उपायही सांगत नाही. तुझं दुखलं ते मी पाहिलं, एवढं तो सांगतो. रस्त्यात अनोळखी माणूस अडखळला तरी तिथे चार जण पोले म्हणतात. अडखळणाऱ्याला एकटं पडू देत नाहीत.

ती काकामेगाकडची होती. तिची तीन मुलं तिकडे तिच्या आईपाशी होती आणि नाताळात ती बसनं त्यांना भेटायला जायची. हे मला आई गेल्यावर बाबांकडून कळलं. मी आणि माझा भाऊ तिच्या पाठीवर बांधले जात होतो तेव्हा तिची पोरं दुसऱ्या कोणाच्या पाठीवर होती. मागच्या अंगणाच्या टोकाला तिची खोली होती, पत्र्याची. त्या खोलीत मी एकदाही गेले नाही, आणि तिचं नाव मला माहीत नाही. आम्ही तिला आया म्हणायचो, बाबाही आया म्हणायचे, आणि विचारण्यासारखं माणूस आता कोणी उरलेलं नाही. आफ्रिका माझी आहे असं म्हणताना ही पत्र्याची खोली आधी माझ्या डोळ्यांपुढे येते. स्वातंत्र्याआधी तिथे गोऱ्यांच्या, आमच्या आणि आफ्रिकी मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. आम्ही मधल्या पायरीवर उभे होतो आणि खालच्या पायरीकडे बघत नव्हतो. चांगली माणसं होतो आम्ही, सणावाराला तिला साडीचं कापड द्यायचो, पण बघत नव्हतो. हे मी स्वतःला माफ करण्यासाठी लिहीत नाही. ते तसंच होतं.

१९६३ च्या डिसेंबरात केनिया स्वतंत्र झाला. नागरिकत्वासाठी अर्ज करायला आमच्यासारख्यांना दोन वर्षांची मुदत होती. बाबांनी अर्ज केला नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मग १९६७ चा कायदा आला, कामाचे परवाने आले, आणि बाबांचा परवाना पुढे मिळाला नाही. १९६८ च्या जूनमध्ये आम्ही मोंबासाला बोटीत चढलो. त्याआधी चार दिवस तिथे एका ओळखीच्या घरी राहिलो. त्या चार दिवसांत मी मोंबासाच्या गल्ल्यांतून तांबडे माबुयू खाल्ले, गोरखचिंचेच्या बिया साखरेत घोळवलेल्या, त्यानं जीभ लाल होते, आणि बर्फ घातलेलं चिंचेचं सरबत प्यायले. सरबतवाल्याच्या हातगाडीवर बरणी होती. तो ओरडायचा, "उक्वाजू, उक्वाजू." शेवटच्या दिवशी मी तीन पेले प्यायले, आणि बोटीवर ओकले. नकुरूच्या स्टेशनवर आया आली होती. ती रडली नाही. मी गाडीच्या पायरीवरून उडी मारायचा प्रयत्न केला, गुडघा फुटला, आणि ती खालून म्हणाली, "पोले. पोले साना."

बोट खूप हलत होती. जून म्हणजे कुसीचे दिवस. हा शब्दही तिकडचाच, नैर्ऋत्येच्या वाऱ्याचा. शेकडो वर्षं गलबतं हिवाळ्यातल्या कास्काझीवर आफ्रिकेकडे जायची आणि कुसीवर इकडे परतायची. आपण ज्याला मान्सून म्हणतो तो हाच वारा. खूप पुढे मला कळलं की हा वारा दक्षिण गोलार्धातून येतो, केनियाच्या किनाऱ्यापाशी विषुववृत्त ओलांडतो, तिथलं उंच पठार त्याला आडवं येतं म्हणून त्या कडेकडेनं सोमालियाकडे सरकतो आणि मग अरबी समुद्रावरून आपल्या सह्याद्रीवर येऊन आदळतो. तो आला की चातकही येतात, तेही आफ्रिकेतूनच. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात झाडं वेडीवाकडी हलायला लागतात, धूळ उडते, सगळे कपडे काढायला गच्चीवर धावतात. मीही धावते, पण कपडे काढून झाल्यावर थोडा वेळ तिथेच उभी राहते. तोंड नैर्ऋत्येला करून.

सदाशिव पेठेतल्या आजोबांच्या वाड्यात आम्ही भिजत उतरलो. वाड्यातली पोरं मला "आफ्रिका" म्हणायची. "ए आफ्रिका, येतेस का खेळायला?" त्यात काही दुष्टपणा नव्हता, आणि मला ते नाव मनापासून आवडायचं, कारण दिवसातून दहादा कोणीतरी तो शब्द उच्चारत होतं. एकदा बिट्टी खेळताना एक मुलगा पडला आणि मी "पोले" म्हणाले. सगळे हसले, मग आठवडाभर एकमेकांना चिडवताना पोले-पोले करत राहिले. त्यानंतर मी तो शब्द वापरला नाही. घरात मात्र काही शब्द उरले. आई पातेल्याला शेवटपर्यंत सुफुरिया म्हणत असे आणि शेगडीला जिको. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, ती नर्सला म्हणाली, "सुफुरिया उतरव गं, दूध उतू जाईल." नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "उतरवलं, आई."

अकरा वर्षांची असताना आम्ही वेल्ह्याकडे एका लग्नाला गेलो होतो. दुपारी तिथल्या घरच्या आजींनी मला पितळी वाटीत आंबील दिलं. नाचणीचं, आंबवलेलं, ताक आणि मीठ घातलेलं. पहिला घोट घेतला आणि मला रडूच कोसळलं. त्यांना वाटलं तिखट लागलं, त्यांनी गूळ आणला. मला कोणालाच सांगता आलं नाही की ही चव मला ठाऊक आहे, ही आयाच्या हातची आहे, फक्त साखरेऐवजी मीठ आहे. माझा समज असा होता की मी एका जगातून उचलून दुसऱ्या जगात आणून ठेवली गेले आहे आणि मध्ये नुसतं पाणी आहे. त्या वाटीनं तो समज मोडला.

पुढे वाचत गेले तसं कळलं की नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगरपठारांची. ज्वारी सुदानच्या बाजूची, बाजरी सहाराच्या दक्षिणेची, चवळी तिकडची, आणि कारळे इथिओपियाचे. म्हणजे हुरडा, बाजरीची भाकरी, कारळ्याची चटणी, ज्याला आपण मातीचं, अस्सल, आपलं म्हणतो ते ताट कधीतरी चार-एक हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून यायला लागलं. पुणे जिल्ह्यातच घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तीन हजारांहून जास्त वर्षं जुनी वस्ती उकरून काढली. तिथल्या लोकांचं मुख्य पीक होतं जव. जवावर जगणाऱ्या त्या माणसांच्या वंशजांनी कधीतरी ज्वारी पेरली असेल, आधी थोडीशी, बांधाकडेला. पहिली भाकरी थापताना ती परकी वाटली असेल का त्यांना? किती पिढ्यांनी ते विसरले असतील?

आणि चिंच. चिंचेचं तर मला फार जवळचं वाटतं. झाड मूळचं आफ्रिकेचं. ते फार पूर्वी भारतात आलं, इतकं रुजलं की अरबांना ते इथलंच वाटलं, आणि त्यांनी फळाला नाव दिलं तमर-हिंदी, हिंदुस्थानचा खजूर. तेच नाव पुढे इंग्रजीत गेलं, शास्त्रीय नावातही "इंडिका" बसलं. आफ्रिकेत जन्मली आणि सगळ्या जगानं तिला हिंदी म्हटलं. नकुरूच्या बाजारात मला "मुहिंदी" म्हणत. हिंदी बाई, हिंदी पोर. तिथे मुहिंदी, इथे आफ्रिका.

माझा भाचा हुशार आहे, तो म्हणतो, "मावशी, त्यात काय, सगळी माणसं मूळची आफ्रिकेचीच." खरं आहे त्याचं. लहानपणी बाबांनी आम्हाला नकुरूजवळ कारियांदुसीला नेलं होतं, तिथे जमिनीत शेकड्यांनी दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत, लाखो वर्षांपूर्वीच्या. थेंबासारखा आकार, टोकाकडे निमुळता. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात तसेच दगड पाहिले तेव्हा मी काचेवर हात टेकवून बराच वेळ उभी होते. पण भाच्याचं म्हणणं मला पुरत नाही. सगळ्यांचीच जी आई, तिची आठवण कोणालाच येत नाही. मला आठवण येते ती धुराच्या वासाची, एका विशिष्ट बाईच्या हाताची, सोड्याच्या तळ्याची. खंड फार मोठा आहे, हे मला कळतं. मी त्यातला एक कोपरा नऊ वर्षं पाहिला. तरी नकाशा समोर आला की माझी नजर आधी त्या आकाराकडे जाते, डाव्या बाजूच्या फुगीर खांद्याकडे, उजवीकडच्या शिंगाकडे, आणि छातीत काहीतरी सैल होतं. २०१७ मध्ये केनिया सरकारनं तिथल्या भारतीय वंशाच्या नागरिकांना देशाचा चव्वेचाळिसावा समुदाय मानलं. ती बातमी मी तीनदा वाचली. माझा त्यात काही हक्क नाही, माझा पासपोर्ट भारताचा, मी पुण्याची. तरी त्या संध्याकाळी मी शिरा केला आणि कशाबद्दल ते घरी सांगितलं नाही.

हे सांगितलं नाही, ते सांगितलं नाही. आयुष्यभर हेच केलं मी. हबशी हा शब्द मंडईत ऐकला तेव्हाही केलं. ज्या मुलखाचं, हबशाचं म्हणजे इथिओपियाकडचं, ते नाव, त्याच मुलखातून लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर इथे येऊन निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, त्यानं इथल्या जमिनी मोजल्या, मालोजी आणि शहाजीराजे ज्या दरबारात होते तो दरबार त्यानं मोगलांपुढे उभा ठेवला, आणि १६२६ मध्ये याच मातीत मेला. शाळेत हे सगळे शिकतात. मग तोच शब्द एका घसरून पडलेल्या पोरीच्या पाठीमागे हसण्यावारी कसा येतो? कोंढव्याकडे राहणाऱ्या या मुलांना घर भाड्यानं मिळताना काय ऐकावं लागतं ते मी ऐकून आहे. माझ्या सोसायटीतही ते बोललं गेलं आहे, आणि मी बैठकीत चहाचे कप गोळा करत होते.

ती मुलगी पुण्यात पडली. तिच्या गावी पडली असती तर चार जणांनी पोले म्हटलं असतं. इथे तो शब्द येणारं, सबंध मंडईत कदाचित एकच माणूस तिच्यापासून दोन हातांवर उभं होतं.

पुढच्या शनिवारी मी परत गेले. सकाळी लवकरच, मंडईच्या कौलांवर अजून ऊन चढलं नव्हतं. त्या मुली असतील असं वाटलं नव्हतं, आणि नव्हत्याच. मावशी पाटी मांडत होत्या. मी म्हटलं, "मावशी, मागच्या शनिवारी ती मुलगी पडली ना, पिवळ्या रुमालाची. तुम्ही विचारलं होतंत ओळखीची आहे का."

"हां. मग?"

"ती माझ्या गावाकडची आहे."

त्यांनी वर पाहिलं. माझ्या तोंडाकडे, पांढऱ्या केसांकडे, कुंकवाकडे. काही विचारतील असं वाटलं, पण त्यांनी हातातलं फडकं झटकलं. "मग तेव्हाच बोलायचं की, ताई. मी तिला जुनी दिली. दर महिन्याला येतात त्या पोरी." त्या ढिगात हात घालून त्यांनी आठ-दहा चांगल्या चिंचा निवडल्या, जाड, भरलेल्या, कवच न तडकलेल्या, आणि कागदात पुडी बांधली. "आली की देते. तिकडं काय म्हणतात हिला?"

"उक्वाजू."

"उकवाजू," त्या म्हणाल्या, पुन्हा एकदा म्हणाल्या, आणि पुडी पोत्याखाली, पैशांच्या पिशवीशेजारी ठेवून दिली.